कुत्रा छाप तबकडी, घोडा छाप शाई

जुनं घर आवरायला काढलं की अंगणात तीन ढीग पडतात. एक ठेवायचा, एक देऊन टाकायचा आणि एक भंगारवाल्याचा. जुन्या तबकड्या बहुधा दुसऱ्या ढिगात जातात, कारण त्या कशावर वाजवायच्या हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. मेजाच्या खणातली शाईची पेनं मात्र थेट तिसऱ्या ढिगात पडतात. निब गंजलेली, टोपण चिरलेलं, आतली रबरी नळी वाळून खडा झालेली, मग त्यांना विचारतो कोण?

त्या पेनांच्या नळीवर कधीकधी बारीक अक्षरांत एखादं नाव असतं. दुकानाचं, कारखान्याचं, औषध कंपनीचं, एखाद्या ग्रामोफोन विक्रेत्याचं. कंपन्या आणि दुकानदार अशी नाव घातलेली पेनं गिऱ्हाइकांना नि व्यापाऱ्यांना भेट देत. संगीताचा कान आणि जुन्या वस्तूंचा डोळा असेल, तर संगीताच्या धंद्याशी नातं सांगणारी नावाची पेनं गोळा करण्यासारखा छंद नाही. तो सिंदखेड राजा तालुक्यातल्या दुसरबीडसारख्या गावात राहूनही करता येतो. त्यासाठी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. या वस्तूची किंमत तिच्या छापात आहे, आणि एकटा छाप काहीच सिद्ध करत नाही. त्याला जोडीदार लागतो.

आपल्या भागात काय सापडणार?

ग्रामोफोन म्हणजे मुंबई-पुण्याची मिरास, असं समजू नका. आपल्याच सिंदखेड राजा तालुक्यातल्या शेंदुर्जनचे कवी ना. घ. देशपांडे मेहकरला वकिली करत. त्यांची 'शीळ' ही कविता गायली जी. एन. जोशी यांनी. तेही वकिलीचंच शिक्षण घेतलेले. १९३०च्या दशकात 'एच.एम.व्ही.'नं काढलेली ही तबकडी मराठी भावगीताच्या सुरुवातीच्या, सर्वदूर पोचलेल्या तबकड्यांत गणली जाते. पुढे जोशी त्याच कंपनीच्या मुंबई कचेरीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि किती तरी शास्त्रीय गायक-वादकांना त्यांनी माइकपुढे बसवलं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही त्यांचीच निर्मिती. 'स्वरगंगेच्या तीरी' हे त्यांचं आठवणींचं पुस्तक. या छंदात शिरण्याआधी ते वाचाच. तबकडी कशी घडते आणि तिच्यामागे किती कागद, करार नि माणसं असतात, हे त्यातून कळतं.

तेव्हा शोध कुठे घ्यायचा? पहिली जागा म्हणजे जुने वकील, शिक्षक, डॉक्टर आणि व्यापारी यांची घरं. घरात चावीचा फोनो होता, तर लिहिणारा माणूसही होता. दुसरी जागा फारशी कुणाला सुचत नाही. ती म्हणजे जुने लाउडस्पीकरवाले. लग्नात, जत्रेत, गणपतीत कर्णे लावणाऱ्या या लोकांकडे तबकड्यांच्या पेट्याच्या पेट्या असत. विक्रेत्यांकडे त्यांचा सततचा राबता. रेकॉर्डच्या याद्या, कॅलेंडरं, सुयांच्या डब्या आणि भेटवस्तू त्यांच्याच माळ्यावर सापडतात. तिसरी जागा भंगारवाला. त्याला आधीच सांगून ठेवा, 'पेनं नि पत्र्याच्या छोट्या डब्या बाजूला ठेव.' त्यानंतर जालना, खामगाव, चिखली इथली जुन्या स्टेशनरीची आणि घड्याळाची दुकानं. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार शेवटी. तिथे माल मुबलक मिळतो, पण तो कुठल्या घरातून आला हे सांगणारं कुणी नसतं. या छंदात निम्मा माल म्हणजे ते घर.

छाप ओळखायला शिका

आपल्या लोकांनी परदेशी नावं पाठ केली नाहीत, चित्रं ओळखली. म्हणून 'हिज मास्टर्स व्हॉइस', म्हणजेच 'एच.एम.व्ही.', झाली 'कुत्रा छाप'. १९३१ साली मुंबईत सुरू झालेल्या दांडेकरांच्या कंपनीची, म्हणजे पुढच्या कॅम्लिनची, पहिली शाईची पूड विकली गेली ती 'घोडा छाप' म्हणून. छाप वाचण्याची ही जुनी रीतच संग्राहकाला उपयोगी पडते. चित्र बदललं की काळ बदलला.

'एच.एम.व्ही.' काढणाऱ्या ग्रामोफोन कंपनीचं पहिलं बोधचिन्ह कुत्रा नव्हतं. ते होतं तबकडीवर बसून पिसाच्या लेखणीनं लिहिणारा देवदूत. १८९८ पासून तो वापरात आला. म्हणजे संगीताच्या या धंद्याच्या पहिल्याच शिक्क्यावर लेखणी होती! फ्रान्सिस बॅरॉडचं निपर कुत्र्याचं चित्र कंपनीनं १८९९ साली घेतलं, आणि ब्रिटनमधल्या तबकड्यांच्या लेबलवर तो १९०९च्या सुमारास येऊन बसला. कोलंबियाची खूण म्हणजे जोडलेल्या दोन स्वरांची आकृती, ओडियनची खूण म्हणजे घुमटाची इमारत. मुंबईची 'यंग इंडिया' ही देशी कंपनी १९३५ पासून बाजारात आली आणि पुढची वीसेक वर्षं टिकली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या गाजलेल्या तबकड्या ओडियनच्या. एवढ्या चार-पाच खुणा डोळ्यांत बसल्या की माळ्यावरचा अंधारही वाचता येतो.

आता काही सनावळ्या पाठ करा, त्या पदोपदी लागतात. भारतातलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण कलकत्त्यात नोव्हेंबर १९०२ मध्ये झालं. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं गायिका गौहरजानचा आवाज तेव्हा मेणावर उतरवला. तबकड्या इथेच दाबायचा कारखाना कलकत्त्याला सियालदहजवळ १९०८ मध्ये निघाला आणि १९२८च्या सुमारास तो दमदमला गेला. 'ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया' हे नाव १९४६चं. 'सारेगामा' हे नाव २००० सालचं.

पेनाच्या बाजूचे मैलाचे दगडही तितकेच सोपे आहेत. ड्रॉपरनं शाई भरायची एबोनाइटची पेनं सगळ्यांत जुनी, आणि आपल्याकडे ती फार उशिरापर्यंत बनत राहिली. राजमहेंद्रीच्या रत्नम यांचं पेन १९३२ पासूनचं. बाजूची पट्टी उचलून शाई ओढणारी पेनं १९१२ नंतरची. रंगीत, संगमरवरी नक्षीची सेल्युलॉइड पेनं १९२४ नंतरची. पार्कर ५१ आलं १९४१ साली. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात आलं १९४५ मध्ये, आपल्याकडे रुळायला आणखी बरीच वर्षं गेली.

ही दोन्ही टिपणं शेजारी ठेवली की खोटेपणा आपोआप उघडा पडतो. देवदूताचं चित्र छापलेलं पार्कर ५१ कुणी 'आजोबांच्या तरुणपणचं, पहिल्या महायुद्धाआधीचं' म्हणून दाखवलं, तर वाद घालू नका, फक्त हसा. पण एक सावधगिरी ठेवा. 'एंजल' हे नाव आणि तो देवदूत एल.पी.च्या जमान्यात पुन्हा आला. आपल्याकडच्या शास्त्रीय संगीताच्या एल.पी.वरही तो दिसतो. म्हणजे देवदूत दिसला की जुनाच, असंही नाही. चित्र, अक्षरांची घडण, कंपनीचं पूर्ण नाव आणि पेनाचा सांगाडा, या चौघांची साक्ष जुळली पाहिजे.

नाव खरं की मागाहून कोरलेलं?

घड्याळजी डोळ्याला लावतो ते दहापट भिंग घ्या आणि एक छोटी बॅटरी. पेन आडवं धरून प्रकाश तिरका पाडा. मग हे पाहा.

पहिली परीक्षा चरांची. पेन वर्षानुवर्षं खिशात घासलं गेलं, तर त्याच्या अंगावर बारीक ओरखडे असतात. ते ओरखडे अक्षरांच्या कडांवरूनही गेलेले दिसले, तर नाव जुनं. ओरखडे अक्षरापाशी येऊन तुटत असतील आणि अक्षराच्या कडा करकरीत असतील, तर नाव मागाहून आलं.

दुसरी परीक्षा खोलीची. तापवलेल्या ठशानं दाबलेली अक्षरं थोडी आत बसलेली असतात, कडा किंचित गोल असतात, आणि खाचेत जुनी सोनेरी किंवा पांढरी पूड अडकलेली असते. आजच्या लेसरनं कोरलेल्या अक्षराची खोली सगळीकडे एकसारखी आणि तळ राखाडी, खरबरीत दिसतो. नुसतं वर छापलेलं नाव नखाला पातळ पापुद्र्यासारखं लागतं.

तिसरी परीक्षा रंगाची. एबोनाइट उन्हानं आणि पाण्यानं तपकिरी, शेवाळी होतं. नावाभोवतीची जागा तपकिरी आणि अक्षराच्या खाचेत मात्र ताजा काळा रंग दिसला, तर कोरणी नवी आहे.

चौथी परीक्षा टोपणाची. नाव नळीवर असेल तर टोपण त्याच पेनाचं आहे का? क्लिपवरची खूण, आट्यांची पकड आणि रंगाचं वय ताडून पाहा. दोन मेलेल्या पेनांचं एक जिवंत पेन करणं हा दुरुस्तीवाल्यांचा नित्याचा उद्योग आहे. त्यात फसवणूक असतेच असं नाही, पण वहीत तशी नोंद हवी.

लांबून, फोटोवर खरेदी करत असाल, तर तिरक्या उजेडातला फोटो मागा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

जोडी लावा

संगीताच्या दुकानाचं नाव असलेलं पेन मिळालं, की त्याच नावाचं दुसरं काहीतरी शोधायला लागा. तबकडीच्या कागदी पाकिटावर विक्रेत्याचा रबरी शिक्का असे किंवा छोटी चिकटपट्टी लावलेली असे. रेकॉर्डच्या छापील मराठी याद्यांच्या मागच्या पानावरही विक्रेत्याचा शिक्का सापडतो. पेनावर जे नाव आणि जो पत्ता आहे, तोच पाकिटावर मिळाला, तर दोन्ही वस्तूंची पत एकदम वाढते. तबकडीच्या गायकावरून, लेबलच्या रंगावरून आणि मधल्या मोकळ्या जागेत कोरलेल्या क्रमांकावरून काळ ठरवता येतो. मग पेनाचाही अंदाज बसतो.

म्हणून नुसती पेनं गोळा करणाऱ्याचा संग्रह मला अर्धा वाटतो. निदान या चार वस्तू पेनासोबत जमवा: शिक्क्याची पाकिटं, छापील याद्या, सुयांच्या पत्र्याच्या डब्या आणि दुकानाची बिलं. पोलादी सुई तबकडीच्या एका बाजूपुरती वापरून टाकायची असे, त्यामुळे या चिमुकल्या डब्या घरोघर आल्या. पुढे त्यांत शर्टाची बटणं आणि पेनाच्या निबा राहू लागल्या. इंग्लंडच्या 'साँगस्टर' किंवा 'एम्बसी' छापाच्या डब्या अजून निघतात. डबी हातात आली की आधी हळूच हलवून ऐका. कित्येकदा सुयांऐवजी निबाच निघतात.

तबकड्यांबाबत अडलं, तर मुंबईची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही १९९० पासूनची संस्था आहे. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या तबकड्यांच्या माहितीचं मोठं काम तिथे उभं केलं. आपला पाकिटावरचा शिक्का कुणी आधी पाहिला आहे का, हे अशाच मंडळींमध्ये कळतं.

पैसे किती द्यायचे?

मनात एकच प्रश्न विचारा: हे नाव पुसलं असतं, तर हे पेन मी केवढ्याला घेतलं असतं? पुरावा हाती नसेल तोवर तेवढेच पैसे द्या. नावासाठी वेगळे पैसे मोजायचे ते जोडी लागल्यावर किंवा पेन कुठल्या घरातून आलं याची खात्री पटल्यावर.

निब सोन्याची आहे म्हणून विक्रेता भाव चढवेल. निबेवर चौदा कॅरेटचा आकडा किंवा ५८५ आहे का, ते भिंगातून बघा. ती सराफाकडे नेऊन कसाला लावू नका. तो सोनं मोजेल, पेन मोजणार नाही, आणि निबेवर एक ओरखडा कायमचा राहील. टोकाचा इरिडियमचा दाणा शाबूत आहे का, हे सोन्याच्या वजनापेक्षा महत्त्वाचं आहे.

आणि घरच्या माणसांशी सचोटीनं वागा. माळ्यावरून पेन काढून देणाऱ्या आजींना त्याची बाजारातली किंमत सांगा. 'हे यांच्या सहीचं पेन होतं' असं म्हणताना त्यांचा आवाज बदलला, तर पेन तिथेच राहू द्या. फोटो आणि गोष्ट घेऊन या. संग्रहात तेही धरतात.

साफसफाई: आधी हात आवरा

पहिल्याच वर्षी मी एका पेनाचं नाव माझ्याच हातानं पुसलं. गवयांच्या तबकड्या विकणाऱ्या एका दुकानाचं नाव होतं, सोनेरी अक्षरांत. पेन चमकावं म्हणून पितळ उजळायची पेस्ट लावली आणि जोर लावून चोळलं. पेन आरशासारखं झालं. नाव फडक्यावर आलं. ते पेन मी अजून ठेवलंय, दुसऱ्यांना दाखवण्यासाठी.

म्हणून नियम असा: नावाच्या जागेला कोरड्या, जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाशिवाय काही लावायचं नाही.

आधी पेन कशाचं आहे ते ओळखा. अंगठ्यानं जोरात घासून लगेच हुंगा. गंधकाचा वास आला तर एबोनाइट, कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. एबोनाइट पाण्यात बुडवून ठेवू नका, रंग जातो. दुधातल्या केसिनची काही जुनी इंग्रजी पेनं असतात, ती पाण्यानं फुगतात. सेल्युलॉइड झपकन पेट घेतं, म्हणून अडकलेली आटी सोडवायला मेणबत्ती किंवा काडी कधीही जवळ आणू नका. स्पिरिट कुठल्याच पेनाला नको.

वाळलेल्या शाईसाठी साधं गार पाणी आणि धीर पुरतो. फक्त निब आणि तिच्याखालची जीभ वाटीत टेकेल इतकंच पाणी घ्या, रंग उतरला की बदला. बाजूची पट्टी अडकली असेल, तर ओढू नका. आत रबरी नळी दगड झालेली असते, ती फुटते आणि पट्टीही तुटते. नळी बदलावी लागते आणि ती बसवताना चिकटवायला चपडा लाख वापरतात.

इथे पेन आणि तबकडी यांचं खरं नातं उघड होतं. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच, त्यात दगडाची पूड घातलेली. त्यामुळे जो नियम पेनाच्या जोडाला, तोच तबकडीला: स्पिरिटचा बोळा लावला की लाख विरघळली. तबकडी मऊ ब्रशनं झटका. फारच मळली असेल, तर पाण्यात किंचित सौम्य साबण घालून पुसा, लेबल कोरडं ठेवा आणि लगेच सावलीत वाळवा.

पेनानं लिहायचं असेल, तर साधी धुऊन जाणारी निळी शाई भरा. चित्रकलेची काळी शाई भरली की पेन कायमचं चोंदतं. ड्रॉपरचं पेन अर्धं रिकामं ठेवून लिहू नका. हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि शाईचा थेंब कागदावर पडतो. जुन्या मास्तरांच्या खिशावरचे निळे डाग आठवा.

मे महिना आणि आषाढ

आपल्याकडचा उन्हाळा पत्र्याखाली ठेवलेल्या तबकडीला चार दिवसांत कढईसारखी वाकवतो. तबकड्या उभ्याच ठेवा, आडव्या रचू नका, आणि भिंतीला पश्चिमेचं ऊन लागतं त्या खोलीत तर मुळीच नको. पेनं रिकामी आणि कोरडी करून सुती कापडाच्या कप्प्यांत, लाकडी पेटीत ठेवा. रबरबँडनं जुडी बांधू नका. त्यातल्या गंधकानं चांदी आणि मुलामा काळा पडतो. कपाटातल्या डांबरगोळ्याही पेनांपासून लांब ठेवा, त्यांच्या वाफेनं प्लास्टिक मऊ पडतं. पावसाळ्यात पाकिटांना बुरशी धरते, म्हणून उघडीप मिळेल त्या दिवशी सावलीत हवा द्या.

शेवटचं काम, पण पहिल्या दिवशीचं

एक जाड वही करा. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, पण तो पेनावर लिहू नका, दोऱ्यानं चिठ्ठी बांधा. वहीत पेनाची लांबी मिलिमीटरमध्ये, शाई भरायची रीत, निबेवरच्या खुणा आणि छापातली अक्षरं जशीच्या तशी उतरवा. स्पेलिंग चुकलं असेल तर चुकलेलंच लिहा, कारण पुढे ती चूकच दुकान ओळखायला मदत करते. मग सर्वांत महत्त्वाचं: वस्तू देणारा माणूस काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, त्याच दिवशी लिहा. त्याच्या परवानगीनं.

गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर बसून अंतराळात गेली.  आपल्या माळ्यावरच्या वस्तू इतक्या लांब जाणार नाहीत. पण नोंद नसेल, तर त्या अंगणातल्या तिसऱ्या ढिगापर्यंत नक्की जातील.

तेव्हा या रविवारी गावातल्या सर्वांत जुन्या लाउडस्पीकरवाल्याकडे जा. पेनाचा विषय लगेच काढू नका. त्यांनी पहिली तबकडी कुठून आणली, एवढंच विचारा आणि वही उघडा.